बाहेरच्या कॅमेऱ्याला घरच्या घरी कव्हर: सोलापूरकरांसाठी, आधी उन्हासाठी आणि मग पावसासाठी

सोलापुरात पाऊस तो किती? जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. जून-जुलै बरेचदा आभाळाकडे बघण्यातच जातात आणि खरा जोर येतो सप्टेंबरात. त्यामुळे गेटवरच्या कॅमेऱ्याला कव्हर करायचं म्हटलं की कॅमेरा बसवायला आलेला पोरगा हसतो. "मालक, वॉटरप्रूफ हाय की, कशाला कव्हर करालाव?"

त्याचं अर्धं बरोबर आहे. चांगला कॅमेरा नवा असताना पावसाला दाद देत नाही. पण आपल्याकडे तो पावसाच्या आधी उन्हाळा काढतो. एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर तापणाऱ्या डब्याचं काय होत असेल ते हात लावला की कळतं. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या कागदावर चालण्याची कमाल मर्यादा ५० किंवा ६० अंश लिहिलेली असते. कॅमेरा त्या दिवशी बंद पडत नाही, पण काचेभोवतीचं रबर कडक होतं, वायरीचं आवरण ठिसूळ होतं, चिकटपट्टीचा गोंद वितळतो. मग हस्ताचा पाऊस आला की त्याच फटींतून पाणी आत. नाव पावसाचं होतं, काम उन्हानं केलेलं असतं.

म्हणून कव्हर करायचं ते वर्षातले आठ महिने ऊन अडवेल आणि उरलेले महिने पाणी झटकेल असं. कॅमेऱ्याला छत्री द्यायची, रेनकोट घालायचा नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी डब्यावरचा आकडा वाचा

कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. दुसरा ४ असेल तर उडणारे शिंतोडे चालतात, ५ म्हणजे पाण्याची धार चालते, ६ म्हणजे जोराची धार चालते आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत पाणी जात नाही. आकडाच नसेल तर तो कॅमेरा घरातला समजा. त्याला कितीही चांगलं कव्हर केलं तरी उघड्या भिंतीवर लावू नका. छताखालच्या व्हरांड्यात ठीक.

हा आकडा ज्या चाचणीवरून देतात ती नव्या कॅमेऱ्याची असते, चार उन्हाळे खाल्लेल्या रबराची नाही. दुसरं म्हणजे ती कॅमेऱ्याच्या अंगाची असते, मागून लोंबणाऱ्या वायरीच्या टोकाची नाही. आणि घोडं नेमकं तिथंच अडतं.

पाणी शिरतं कुठून

कॅमेऱ्याच्या मागून हातभर शेपटी निघते. तिच्या टोकाला साध्या कॅमेऱ्याला बीएनसी (चित्राच्या केबलचा गोल जोड) आणि विजेची डीसी पिन असते, आयपी कॅमेऱ्याला (म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या; खोक्यावरच्या आयपी आकड्याशी या नावाचा संबंध नाही) नेटवर्क केबलचं सॉकेट असतं. बसवणारे घाईत असतात. ते हा जोड भिंतीवर तसाच सोडतात, फार तर इलेक्ट्रिकची काळी टेप दोन वेढे मारतात. मे महिन्यात त्या टेपचा गोंद पातळ होऊन ती घसरते, आणि पहिल्या पावसात पाणी वायरीवरून ओघळत थेट जोडात जातं. १२ व्होल्टचा डीसी प्रवाह आणि ओल एकत्र आली की पिन हिरवी पडायला वेळ लागत नाही. आधी चित्रात आडव्या रेषा येतात, मग रात्री कॅमेरा अधूनमधून जातो (रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, जास्त करंट लागतो, गंजलेल्या जोडातून तो मिळत नाही), आणि शेवटी डीव्हीआरवर (रेकॉर्डिंगच्या डब्यावर) 'व्हिडिओ लॉस', म्हणजे चित्रच नाही. लोक नवा कॅमेरा आणतात. जुना कॅमेरा नव्या जोडावर व्यवस्थित चालतो, हे बघायला कुणी थांबत नाही.

तेव्हा तुमच्याकडे एकाच कामाला वेळ असेल तर कव्हर राहू द्या, जोड आधी नीट करा. ते कसं, ते खाली पाचव्या पायरीत सविस्तर आहे.

पाणी शिरायची दुसरी जागा म्हणजे केबलसाठी भिंतीला पाडलेलं भोक. ते बाहेरून आत जाताना वर चढतं असलं पाहिजे. सरळ किंवा उतरतं असेल तर पाणी केबल धरून घरात येतं, आणि मग भिंतीला ओल का येते म्हणून आपण गच्चीला वॉटरप्रूफिंग करत बसतो.

हे करू नका

प्लास्टिकची पिशवी. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट. आत उष्णता कोंडते, रात्री गार झालं की पिशवीच्या आत दव धरतं, आणि वाऱ्यानं पिशवी हलली की मोबाईलवर रात्रभर अलर्ट वाजत राहतात.

फ्लेक्सचा तुकडा. आपल्या गावात फ्लेक्सला तोटा नाही, वाढदिवसाचा मोसम बारा महिने असतो. पण त्याचीही पिशवीसारखीच गत. शिवाय उन्हात वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात.

पारदर्शक बरणी किंवा ॲक्रिलिकचा डबा. दिवसा चित्र बरं दिसतं. रात्री कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे त्या दुसऱ्या भिंतीवर आपटून परत लेन्समध्ये येतात आणि चित्राच्या जागी नुसतं पांढरं धुकं. लेन्सच्या समोर काहीही ठेवायचं नाही, कितीही स्वच्छ काच असली तरी.

पाच लिटर तेलाचा कॅन कापून केलेलं कव्हर मात्र मी वाईट म्हणणार नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत काम भागतं. उन्हाळ्यात ते कडक होऊन तडकतं, तेव्हा ते तात्पुरतं आहे हे लक्षात ठेवून वापरा.

काय घ्यायचं

माझी पसंती ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला, म्हणजे ज्याला प्लंबर चार इंची म्हणतो. बांधकाम चालू असलेल्या कुठल्याही घरी त्याचा फूट-दीड फुटाचा तुकडा पडलेला असतो, मागितला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पत्र्यापेक्षा तो मला दोन कारणांनी आवडतो. तो गंजत नाही आणि पत्र्याइतका तापत नाही. पण खरं कारण त्याची गोलाई आहे. सपाट पत्र्यावरचं पाणी ज्या बाजूला उतार तिकडे जातं, आणि कॅमेरा खाली झुकलेला असल्यामुळे उतार बहुतेक वेळा पुढेच असतो. मग लेन्सच्या बरोबर समोर पागोळी लागते, आणि रात्री दिव्याच्या उजेडात तो प्रत्येक थेंब चमकून जातो. गोल पाइपवरचं पाणी आपोआप डावी-उजवीकडे वाहून जातं.

बाकी सामान: एक्सॉ ब्लेड, पॉलिश पेपर, पांढऱ्या ऑइल पेंटची छोटी डबी, शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग, एम-सील, तीन-चार इंची एल अँगल, रबरी वॉशर घातलेले नट-बोल्ट, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि रॉल प्लग, चार बाय चारचा झाकणवाला पीव्हीसी बॉक्स, स्वतःलाच चिकटणारी रबर टेप (दुकानात सेल्फ फ्युजिंग टेप म्हणून मागा) आणि सिलिकॉनची एक ट्यूब. सिलिकॉन घेताना ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं आहे ना ते बघा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास मारणारं सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांब्याला खातं. विजेच्या जोडाजवळ ते नकोच.

पायरी १: भिंत आणि वारा बघा

मोसमी वारा नैऋत्येकडून, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती जास्त भिजतात, असा आपला हिशोब असतो. तो जून-जुलैपुरता खरा आहे. आपल्याकडे झोडपणारा पाऊस एक तर वळवाचा, जो कुठूनही येतो, नाही तर परतीचा. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आलेलं वादळ तेलंगणातून थेट आपल्या अंगावर आलं, आणि १४ तारखेला सोलापूर-पंढरपूरकडे काय झालं ते अजून लोक विसरले नाहीत. तो पाऊस पूर्वेकडून आला होता. तेव्हा 'ही भिंत आडोशाची आहे' असं एका मोसमावरून ठरवू नका.

सज्जा असेल तर कॅमेरा त्याच्या खाली, पण अगदी कडेला नको. सज्जाची कड जिथं ठिबकते तिथून हातभर आत. भिंतीवर आधीच्या पावसाचे काळपट ओघळ दिसत असतील तर ती पाण्याची वाट आहे, ती सोडून बसवा. हे जमलं तर कधीकधी कव्हरची गरजच उरत नाही, फक्त पश्चिमेच्या उन्हाचं बघावं लागतं.

पायरी २: माप आणि कापणं

साधा बुलेट कॅमेरा (नळकांड्यासारखा लांबट असतो तो) साधारण सात सेंटिमीटर जाडीचा असतो. ११० च्या पाइपात तो मधोमध धरला तर चहूबाजूंनी दीड सेंटिमीटरच्या आसपास पोकळी राहते. ही पोकळी फार महत्त्वाची. कव्हर कॅमेऱ्याला चिकटलं तर कव्हरची उष्णता कॅमेऱ्यात उतरते, आणि मग उन्हासाठी केलेला सगळा खटाटोप वाया. वरच्या बाजूला जमलं तर दोन-अडीच सेंटिमीटर ठेवा. मागची बाजूही बंद करू नका, हवा खेळली पाहिजे.

लांबी: भिंतीपासून लेन्सच्या काचेपर्यंत मोजा आणि त्यात चार सेंटिमीटर मिळवा. वरचा भाग एवढाच पुढे यायला हवा.

पाइप उभा चिरायचा म्हणजे रेघ सरळ हवी, आणि गोल पाइपवर पट्टी धरून सरळ रेघ मारता येत नाही. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा अँगल पाइपवर पालथा ठेवा. तो आपोआप पाइपच्या लांबीला समांतर बसतो. त्याच्या कडेनं पेन ओढलं की झालं. पाइपाचा घेर सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर भरतो. त्याचा बरोबर अर्धा ठेवू नका, एकवीस सेंटिमीटर ठेवा. म्हणजे दोन्ही बाजू कॅमेऱ्याच्या मध्याच्या खाली उतरतात आणि आडव्या सरी अडतात.

आता पुढचं तोंड. इथं नवी मंडळी घोळ घालतात. २.८ मिलिमीटरची लेन्स आडवं शंभर अंशांच्या आसपास बघते, उभं मात्र पंचावन्न-साठ. म्हणजे वरचं छप्पर चार सेंटिमीटर पुढे आलं तरी चित्रात दिसत नाही, पण बाजू तेवढ्याच पुढे आल्या तर डाव्या-उजव्या कोपऱ्यात काळे पडदे दिसतात. म्हणून पुढचं तोंड तिरकं कापा: वर चार सेंटिमीटर पुढे, बाजूंना लेन्सच्या काचेशी बरोबर किंवा थोडं मागेच. बाजूनं बघितलं तर टोपीच्या झापेसारखा आकार दिसला पाहिजे. ३.६ किंवा ६ मिलिमीटरची लेन्स कमी रुंद बघते, तिला जरा सैल सोडलं तरी चालतं. कापलेल्या कडा पॉलिश पेपरनं घासा. तीच कड उद्या शिडीवर उभं असताना हातात धरायची असते.

पायरी ३: रंग आणि पाळ

बाहेरून पांढरा, पुढच्या भागात आतून काळा. पांढरा उन्हासाठी. रंग देण्याआधी पाइपची चकाकी पॉलिश पेपरनं घालवा, नाही तर वर्षभरात सालं निघतात.

आतला काळा रंग रात्रीसाठी. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लेन्सच्या भोवतीच असतात. त्यांचा उजेड कव्हरच्या आतल्या गुळगुळीत पांढऱ्या भागावर पडला की लेन्समध्ये परततो आणि चित्राच्या वरच्या भागात दुधाळ पट्टा येतो. चकचकीत काळा रंगही तेच करतो. म्हणून फळ्याचा रंग. लेन्सच्या पुढचा भाग आणि मागचे पाच-सहा सेंटिमीटर एवढ्यालाच दिला तरी पुरे. तेवढ्यानं आतली उष्णता फारशी वाढत नाही.

आता एक छोटं काम, जे दुकानातल्या तयार कव्हरवरही क्वचित दिसतं. एम-सील मळून त्याची करंगळीपेक्षा बारीक वळी करा आणि कव्हरच्या वरच्या अंगाला, पुढच्या कडेपासून सेंटिमीटरभर मागे, अर्धगोल चिकटवा. दोन्ही टोकं बाजूंच्या उतारावर नेऊन सोडा. कॅमेरा खाली झुकलेला असल्यामुळे पाइपवरचं थोडं पाणी पुढे सरकतंच. ते या पाळीला अडतं आणि दोन्ही बाजूंना जातं. पाळ नसेल तर ते पुढच्या कडेवरून खालच्या अंगाला वळतं, आतून उलटं चालत येतं आणि काचेवर टपकतं. कागदी ग्लासातून पाणी ओतताना ते ग्लासाच्या बाहेरून ओघळतं, तसलाच हा प्रकार.

पायरी ४: बसवणं

कॅमेऱ्याच्या अंगाला भोक पाडायचं नाही, त्यात स्क्रू मारायचा नाही, त्याच्यावर काही चिकटवायचंही नाही. वॉरंटी जाते ती जातेच, सीलही जातं. कव्हरचा भार भिंतीवर द्यायचा.

कॅमेऱ्याच्या वर एल अँगल भिंतीला बसवा आणि कव्हर त्याला खालून लटकवा. कॅमेरा आपल्या स्टँडवर मोकळा राहतो, उद्या दिशा बदलायची झाली तर कव्हर सोडवावं लागत नाही. कव्हरला वरून पाडलेल्या भोकांत बोल्टच्या डोक्याखाली रबरी वॉशर आणि सिलिकॉनचा थेंब हवाच. नाही तर छप्पर करून आपणच कॅमेऱ्याच्या बरोबर डोक्यावर गळकं भोक पाडलं असं व्हायचं. कव्हर जिथं भिंतीला टेकतं तिथं वरून सिलिकॉनची रेघ ओढा. भिंतीवरून उतरणारं पाणी मग स्टँडवर न येता बाजूला जातं.

केबल टायनं बांधायचं असेल तर काळे घ्या. पांढरे एक उन्हाळा काढतात आणि हात लावला की मोडतात. आणि वळवाच्या वाऱ्याचा भरवसा नाही, तेव्हा एक स्टीलची तार कव्हरमधून ओवून भिंतीतल्या स्क्रूला सैल बांधून ठेवा. कव्हर सुटलंच तर लोंबकळेल, खाली कुणाच्या डोक्यात पडणार नाही.

शिडी असो वा घडवंची, खाली धरायला माणूस हवा. गल्लीत विजेच्या तारा घराला खेटून गेलेल्या असतील तर ॲल्युमिनियमची शिडी आणूच नका. काम सुरू करण्याआधी कॅमेऱ्याचा अडॅप्टर बंद करा, आणि भिंतीत ड्रिल घालण्याआधी घरातून वायरिंगची पट्टी कुठून गेली आहे ते आठवा.

पायरी ५: जोड

चार बाय चारचा बॉक्स कॅमेऱ्याच्या स्टँडजवळ, शक्यतो त्याच कव्हरच्या किंवा सज्जाच्या आडोशाला बसवा. केबल बॉक्समध्ये खालून घ्या. वरून किंवा बाजूनं कधीही नाही. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, बॉक्सच्या तळापेक्षा हातभर खाली. केबलवरून येणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, वर चढत नाही. तळाला एक बारीक भोक ठेवा. काही जण सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवतात, मग दव आतच साचतं आणि बॉक्सचा हौद होतो.

टेप गुंडाळायची रीत बघून घ्या. जोड आधी कोरडा पुसा, पिन हिरवी असेल तर घासत बसू नका, कापून नवी लावा. रबर टेपचा आतला पातळ कागद काढत जा आणि टेप ताणून जवळजवळ दुप्पट लांब करत गुंडाळा. ताणल्याशिवाय ती स्वतःला धरत नाही. जोडाच्या खालच्या टोकापासून सुरू करून वर जा आणि प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या वेढ्यावर येऊ द्या. खालून वर गेलं की वेढे कौलांसारखे बसतात, वरून आलेलं पाणी फटीत न जाता वरच्या वर उतरतं. दोन्ही बाजूंना केबलच्या आवरणावर दोन-दोन बोटं टेप गेली पाहिजे. थोड्या वेळात वेढे एकजीव होतात. त्यावर साध्या काळ्या टेपचा एक थर द्या. तो पाण्यासाठी नाही, रबराला ऊन लागू नये म्हणून.

आयपी कॅमेऱ्याच्या खोक्यात एक काळी प्लास्टिकची नळी, एक-दोन रबरी कड्या आणि आट्यांची टोपी येते. ती नेटवर्कच्या जोडावर बसवायची असते. बहुतेक घरांत ती खोक्यातच राहते आणि खोकं माळ्यावर जातं. ती शोधा. केबलच्या टोकाला प्लग लावण्याआधी ती केबलमध्ये ओवावी लागते, म्हणून बसवणाऱ्यांना तिचा कंटाळा असतो. तुम्ही मागे उभे असाल तर लावतात.

पायरी ६: रात्रीची परीक्षा

दिवसा सगळंच छान दिसतं. अंधार पडल्यावर मोबाईलवर चित्र लावा आणि कुणाला तरी कव्हर किंचित पुढे-मागे करायला सांगा. वर दुधाळपणा दिसला तर कव्हर मागे घ्या किंवा काळा रंग वाढवा. कोपरे काळे दिसले तर बाजू अजून कापा. मग झाडांना पाणी घालायच्या झारीनं कव्हरवर वरून आणि दोन्ही बाजूंनी पाणी सोडा आणि चित्र बघत राहा. थेंब लेन्ससमोरून पडतायत का, बॉक्सच्या झाकणातून आत जातंय का. गाडी धुवायचा प्रेशर पाइप लावू नका. तसला पाऊस पडत नाही.

आणि चित्र उघडलेलंच आहे तर त्यात समोरच्यांची खिडकी किंवा अंगण येतं का तेही बघून घ्या. आपलं गेट आणि आपली पायरी दिसली की काम झालं.

बुलेट नसेल तर

घुमटासारखा डोम कॅमेरा छतालाच बरा. उघड्यावर आडव्या छताला असेल तर रंगाच्या मोठ्या बादलीचं झाकण घ्या, मधे केबलचं भोक पाडा आणि ते कॅमेऱ्याच्या तळपट्टीच्या वर बसवा. कड खाली वळलेली असते, पाणी कडेवरूनच गळतं. भिंतीवर उभा लावलेला डोम मात्र पावसात भिजणारच, कारण त्याच्या काचेचा फुगवटाच बाहेर आहे. त्याला कव्हर करत बसण्यापेक्षा त्या जागी बुलेट लावा आणि डोम जिन्यात न्या.

फिरणारा वाय-फाय कॅमेरा असेल तर पूर्ण फेरीत काही आडवं येत नाही ना ते आधी फिरवून बघा. वाय-फायवाल्याला पत्र्याचं कव्हर नको, सिग्नल दबतो. पीव्हीसीनं काही होत नाही. सोलर पॅनल वर असेल तर त्याच्यावर सावली पडणार नाही एवढं सांभाळा.

कव्हरनं होत नाही ते

वीज. वळवात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे कडकडाट फार. जवळपास पडलेल्या विजेचा झटका लांबलचक केबलमधून डीव्हीआरपर्यंत येतो, त्याला पाइपचा तुकडा काय करणार? सर्ज प्रोटेक्टर (असा झटका अडवणारं उपकरण) लावता येतो, पण घरचं अर्थिंग धड असेल तरच त्याचा उपयोग. उन्हाळ्यात माती कोरडी ठणठणीत होते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायची जुनी सवय चांगली आहे. फारच गडगडाट होणार असं दिसत असेल आणि घरात माणसं असतील, तर तो सुरू व्हायच्या आधीच अडॅप्टर आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढून ठेवा. रेकॉर्डिंग तेवढा वेळ बंद राहील, ते तुमचं तुम्ही ठरवा.

काचेच्या आतून धुकं. सकाळी येऊन दहापर्यंत जात असेल तर आत थोडी ओल आहे आणि सील सैल आहे. बाहेरून कितीही सिलिकॉन फासलं तरी ती ओल आतच राहते. वॉरंटी असेल तर परत द्या. नसेल तर उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी उघडून, आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवून, रबर नीट बसवून बंद करा. हवा खेळावी म्हणून भोक पाडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

कोळी. इन्फ्रारेडचे दिवे मंद तापतात, त्यांच्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी. कव्हर केल्यावर त्यांना आणखी सोयीची जागा मिळते. पूर्व भागात यंत्रमागाच्या आसपास घर असेल तर उडणारे कापसाचे बारीक तंतू त्या जाळ्यात अडकतात आणि रात्री चित्रात पांढरा पडदा हलत राहतो. लांब काठीला मऊ ब्रश बांधून पंधरा-वीस दिवसांनी आतून फिरवा. गांधीलमाशीनं आत घर केलं असेल तर दिवसा हात घालू नका.

मृगाच्या आधी एकदा आणि गणपती बसायच्या आधी एकदा वर चढून बघा: बोल्ट सैल झालेत का, एम-सीलची पाळ तडकली आहे का, बॉक्सच्या तळाचं भोक मुंग्यांनी मातीनं बुजवलंय का. काच पुसताना बोअरचं पाणी वापरू नका, सुकल्यावर क्षाराचे पांढरे डाग पडतात आणि ते रात्री दिव्यासारखे चमकतात. फिल्टरचं पाणी, मऊ सुती फडकं, आणि आधी धूळ फुंकून किंवा ब्रशनं काढायची. तशीच घासली तर काचेवर ओरखडे येतात, मग पुसून उपयोग नाही.